पॉलिमरमधले धातूचे नॅनोकण: विखुरलेले की मांडलेले?

सांगलीजवळच्या कुपवाडला प्लास्टिकचे पाइप काढणाऱ्यांना कार्बनची गुठळी म्हणजे काय ते ठाऊक असते. काळ्या एचडीपीई (एक टणक पॉलिथिलीन) पाइपात साधारण अडीच टक्के कार्बन ब्लॅक, म्हणजे बारीक काजळी. तो कुठे गुठळी धरून राहिला की ती जागा कमकुवत. याला आपण ‘नीट विखुरला नाही’ म्हणतो, आणि पॉलिमरमध्ये, म्हणजे प्लास्टिकसारख्या लांब साखळ्यांच्या पदार्थात, घातलेल्या धातूच्या नॅनोकणांबद्दल (मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढ्या कणांबद्दल) लिहितानाही तोच शब्द वापरतो. घोळ तिथेच आहे.

शिऱ्यातला तासगावी बेदाणा घ्या. चिकटलेले बेदाणे सुटे करणे हे एक काम, ते कढईभर सारखे पसरणे हे दुसरे, आणि प्रत्येक वडीच्या बरोबर मधोमध एकेक बसवणे हे तिसरे. या तिन्हींना ‘विखुरणे’ म्हणणे चूक आहे. तिसरे काम मांडणीचे, आणि मांडणी कितीही ढवळले तरी होत नाही.

सोन्याच्या नॅनोकणांमुळे तांबड्या दिसणाऱ्या द्रावाचा अभ्यास 1857चा, सायट्रेटने कण करण्याची रीत 1951ची. पण ते कण पाण्यातले. 1994मध्ये थायॉलचे (सोन्याला चिकटणाऱ्या गंधकयुक्त रेणूंचे) आवरण असलेले सोन्याचे कण टोल्युइन या द्रावकात विरघळू लागले. पॉलिस्टायरीन हे प्लास्टिकही टोल्युइनमध्येच विरघळते, म्हणजे कण आणि पॉलिमर एकाच द्रावात आणता आले. मांडणीचा खरा इतिहास इथून धरावा.

पुढचे दशक ब्लॉक कोपॉलिमरचे. पॉलिस्टायरीन आणि पॉलिव्हिनाइलपिरिडीनच्या साखळ्या टोकाशी जोडल्या की त्या दहा ते शंभर नॅनोमीटरदरम्यान जाडीचे थर आपणहून लावतात. कणावर पॉलिस्टायरीनच्या साखळ्या असतील तर तो पॉलिस्टायरीनच्या थरात जातो. दोन्ही साखळ्या मिसळून लावल्या तर दोन थरांच्या सीमेवर बसतो. कणावरच्या साखळ्या आखूड आणि भोवतालच्या फार लांब असतील, तर रसायन एकच असूनही कण बाहेर ढकलले जातात आणि गुठळ्या होतात.

हे थर नीट लागायला पॉलिस्टायरीन 100 अंश सेल्सियसच्या बरेच वर तापवावे लागते. तेवढ्या उष्णतेत थायॉलची सोन्यावरची पकड सुटू लागते आणि उघडे पडलेले कण एकमेकांत मिळून जाड होतात. म्हणून बरेच जण पॉलिमरची पातळ फिल्म न तापवता झाकलेल्या भांड्यात द्रावकाच्या वाफेवर ठेवतात. तिथे वाफ काढण्याची घाई केली की थर अर्धवट जुळलेल्या स्थितीतच गोठतात.

तपासणीतही तोच घोळ. सुटे कण 520 नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतात, फिल्म तांबडी दिसते. चिकटले की जांभळी पडते. तांबडा रंग ही फक्त पहिल्या कामाची खूण, तरी तेवढ्यावर ‘मांडणी साधली’ असे लिहिले जाते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फिल्मचा जाड काप घेतला तर एकावर एक असलेले कण शेजारी दिसतात. लहान कोनातल्या क्ष-किरण विकिरणात (क्ष-किरण कसे विखुरतात त्यावरून थरांमधले अंतर मोजण्याच्या तपासणीत) थरांच्या अंतराशी जुळणारी शिखरे आली आणि पातळ कापात कण त्याच थरात दिसले, तरच मांडणी म्हणावी.