मुरूम, जांभा आणि ३५ पीएसआय

साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढायच्या आधी मी पंक्चरच्या दुकानासमोर थांबतो आणि सायकलीच्या दोन्ही चाकांतली हवा सोडतो. पहिल्या वेळी तो सूं आवाज ऐकून दुकानदार बाहेर आला. "दादा, इथं लोक हवा भरायला येतात." पुढचा शेरा त्यानं मनातच ठेवला, पण चेहऱ्यावर तो स्पष्ट दिसत होता.

त्याची शंका चुकीची नाही. डांबरी रस्त्यावर टणक चाक हलकं पळतं, हे लहानपणी भाड्याची सायकल चालवलेल्या कुणालाही ठाऊक असतं. पण मी जिथं जाणार, तिथं डांबर कमी. कासपर्यंतचे साधारण २५ किलोमीटर बरे आहेत. त्यापुढं कोयनेच्या खोऱ्यात वाड्यावस्त्यांकडे उतरणाऱ्या वाटा कुठं मुरमाच्या, कुठं जांभ्याच्या, तर कुठं डांबर उखडून उघड्या पडलेल्या खडीच्या. ग्रॅव्हल बाईक नावाचा प्रकार अशाच रस्त्यांसाठी आहे. हँडल रेसिंग सायकलीसारखं वळवलेलं, पण टायर ४०-४५ मिलिमीटर रुंद, ब्रेक डिस्कचे आणि मागं ताटलीएवढा मोठा गिअर. नाव परदेशी आहे, रस्ते आपल्या ओळखीचेच आहेत.

तर हवा का सोडायची? मागच्या चाकावर साधारण ५०० न्यूटन, म्हणजे पन्नासेक किलोचा भार येतो. टायरमध्ये ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा असेल तर तो भार पेलायला जमिनीला सुमारे २० चौरस सेंटिमीटर टायर टेकावा लागतो. आगपेटीपेक्षा जरा मोठा तुकडा. ८० पीएसआय भरली की हाच तुकडा अर्ध्या आगपेटीएवढा उरतो. गुळगुळीत रस्त्यावर हे फायद्याचं, कारण टायरचं रबर कमी दबतं आणि कमी ऊर्जा खातं. खडीवर मात्र चित्र उलटं होतं. टणक चाक दगडावर आलं की दगडाला पोटात घेत नाही, त्याच्यावर चढतं. चाकाबरोबर सायकल उचलली जाते आणि सायकलीबरोबर तुम्हीही. पुढं जायला खर्चलेली ऊर्जा अशी वर उडण्यात जाते, आणि खाली आदळताना मनगटं, पाठ, पोटाचे स्नायू ती उष्णता करून संपवतात. मऊ टायर दगडाभोवती दबतो आणि पुन्हा फुगताना दबण्यात गेलेली बरीचशी ऊर्जा परत देतो. हवेचा टायर मुळात खराब रस्त्यापायीच रुळला. १८८८ मध्ये बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर खडखडते म्हणून तिला हवेच्या नळ्या बसवल्या.

हवा फारच कमी केली तर दगड थेट रिमवर आपटतो आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. म्हणून बरेच जण ट्यूबलेस टायर वापरतात. आत चिकट द्रव असतो, करवंदीचा काटा घुसला तर तोच भोक बुजवतो. काटा मोठा असेल तर तोही हात टेकतो, मग रस्त्याकडेला बसून ट्यूब टाकायची.

आता चढ. माणूस ७० किलो, सायकल आणि सामान मिळून १५ किलो असं धरू. १०० मीटरला ८ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी ८ किलोमीटर वेगानं जायचं तर नुसत्या गुरुत्वाकर्षणाविरुद्ध १४८ वॅट लागतात. चाक फिरवण्याचा विरोध चांगल्या डांबरावर ९ वॅट, सैल मुरमावर सहज ३० वॅट. म्हणजे चढावर खरा शत्रू डोंगरच, मुरूम नाही. तरीही मुरमाच्या चढावर लोक उतरून सायकल ढकलतात. दम संपल्यामुळे नाही, चाक फिरून जागीच घसरल्यामुळे.

पेडलवरचा जोर सारखा नसतो. पाय आडवा असताना सर्वाधिक आणि वर-खाली असताना जवळजवळ शून्य. १५ टक्के चढावर चाकाला सरासरी १३५ न्यूटन ओढ लागते, पण प्रत्येक पाय मारताना ती क्षणभर जवळपास दुपटीवर जाते. सैल खडीवर चाकाला पकड मिळते ती त्यावरच्या भाराच्या साधारण चाळीस टक्के, म्हणजे २०० न्यूटनच्या आसपास. हिशेब तिथंच फसतो. त्यात आपण जोर लावायला उभे राहिलो की अंगाचा भार पुढं जातो, मागचं चाक हलकं होतं आणि उरलीसुरली पकडही जाते. म्हणून अशा चढावर बुड सीटवर ठेवायचं, छाती हँडलकडे झुकवायची आणि हलका गिअर घेऊन पाय गोल फिरवत राहायचं. डोळ्यांना हे केविलवाणं दिसतं. पण घाटात उभं राहून पेडल हाणणारे मी पहिल्याच मुरमाड वळणावर आडवे झालेले पाहिलेत, आणि त्यांतला एक मी होतो.

चढ मध्येच भिंतीसारखा का होतो, याचं उत्तर खडकात आहे. दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरावर थर साचून झाला. काही थर कठीण, त्यांचे कडे उभे राहिले. काही मऊ, ते झिजून सपाट्या झाल्या. या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात ते पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून. डोंगर पायऱ्यांचा, म्हणून वाटही पायरीपायरीनं चढते. सपाटीवर श्वास सावरतो न सावरतो तोच पुढचा कडा येतो.

माथ्यावर जांभा. लाखो वर्षं पावसानं बेसाल्टमधली सिलिका धुऊन नेली आणि लोखंड व ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागं राहिली. मलबारात हा दगड विटेसारखा कापताना पाहून स्कॉटिश सर्वेक्षक फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ मध्ये त्याला 'लॅटेराइट' म्हटलं, लॅटिनमध्ये 'लॅटर' म्हणजे वीट. कोकणात आपण त्यालाच चिरा म्हणतो. सायकलवाल्याला मात्र यात वेगळाच धोका दिसतो. जांभ्याच्या कठीण पाठीवर झिजून गोल झालेले खडे पसरलेले असतात. फरशीवर हरभरे सांडल्यासारखं! टायर जमिनीला धरायच्या ऐवजी खड्यांवरून घरंगळतो. वळणावर ब्रेक दाबलात तर गेलातच. ब्रेक वळणाआधी मारायचा आणि वळण मोकळ्या चाकानं घ्यायचं. पावसानंतर याच दगडावर शेवाळ धरतं, तेव्हा उतरून चालण्यात कमीपणा नाही.

चिखलाचंही खडकासारखंच. बेसाल्टच्या काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि चाकाला, चौकटीला लपेटून बसते. चारशे मीटरांत चाक फिरेनासं होतं. जांभ्याच्या लाल मातीतली चिकणमाती तेवढी फुगत नाही. ती कपडे रंगवते, पण सायकल पुढं जाऊ देते. पाऊस उघडल्यावर वाट निवडायची तर मी लाल माती बघतो.

जिथं जीप आणि पिकअप जास्त फिरतात तिथं आणखी एक छळ असतो. रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा होतो, आडव्या लाटा, लाटेमागून लाट. दोष खराब स्प्रिंगचा असेल असं वाटतं. पण २००७ मध्ये टोरांटो, केंब्रिज आणि लिऑन इथल्या संशोधकांनी फिरत्या वाळूच्या थाळीवर साधं चाक ठेवून पाहिलं. स्प्रिंग नव्हती, तरी लाटा उठल्या. ठरावीक वेगाच्या खाली चाक वाळू सपाट करतं, त्याच्या वर गेलं की छोट्याशा उंचवट्यावरून उडून पुढं आपटतं, तिथं खड्डा पाडतं आणि पुढचा उंचवटा रचतं. सायकलवर ताशी १८ किलोमीटर वेगानं ७० सेंटिमीटर अंतराच्या लाटा ओलांडल्या तर सेकंदाला ७ हादरे बसतात. बसलेल्या माणसाचं धड नेमकं ४ ते ८ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४ ते ८ हादऱ्यांच्या दरम्यान सर्वाधिक थरथरतं. वाहनांचे पट्टे सोडून रस्त्याची अगदी कड धरली तर लाटा बऱ्याचदा उथळ मिळतात.

झाडीत शिरलं की सावली मिळते, पण गारवा मिळेलच असं नाही. शरीराची कार्यक्षमता २० ते २५ टक्के. पेडलवर १८० वॅट गेले तर सहाशेच्या आसपास वॅट उष्णता अंगात तयार होते. ती घालवायला तासाला जवळजवळ एक लिटर घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. ताशी ८ किलोमीटर वेगाला वारा लागत नाही आणि खोऱ्यातल्या दमट हवेत घाम ठिबकून वाया जातो. उन्हाच्या कवडशांनी खड्डे लपतात, पाचोळ्यानं दगड. आणि सायकल आवाज करत नाही. हजार किलोपर्यंत वजनाच्या गव्याला वळणावर दचकवणं परवडणारं नाही, म्हणून आंधळ्या वळणाआधी मी घंटी वाजवतो. दिसलाच तर पाय टेकून थांबायचं. तो निघून जाईपर्यंत रस्ता त्याचा.

शेवटी उतार. कासच्या १२०० मीटरवरून शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठापर्यंत साडेपाचशे मीटर. ८५ किलोचं वजन एवढं खाली आणताना सुमारे साडेचार लाख जूल सुटतात. वेगानं उतरलं तर त्यातली बरीच हवा खाते. खडबडीत वाटेवर वेग धरता येत नाही, मग बहुतेक सगळी ब्रेकमध्ये जाते. ब्रेक सतत घासत ठेवला तर डिस्क तापते, पॅडची पकड कमी होते आणि जळका वास येतो. नेटानं दाबायचं, वेग मोडायचा, सोडायचं, डिस्कला हवा खाऊ द्यायची. खाली पोचल्यावर मी डिस्कवर पाण्याचा थेंब टाकून पाहिला, चर्र झालं. त्या उतारावरच्या ऊर्जेत दीड लिटर पाणी उकळतं, म्हणजे पंधरा कटिंग चहा. काठावरच्या बामणोलीच्या टपरीवाल्याला मी हा हिशेब ऐकवला. त्यानं मान डोलावली, आणि चहा गॅसवरच ठेवला.