ताकाला जाताय, तर भांडं दाखवा : अमेरिकेत नोकरी शोधताना स्पॉन्सरशिपचं कधी सांगायचं?

अमेरिकेत एमएस करणारी जी मुलं-मुली आमच्याकडे रेझ्युमे आणि मुलाखतीच्या तयारीसाठी येतात, त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. पुढे एच-१बी (अमेरिकेतल्या नोकरीचा व्हिसा; त्यासाठी कंपनीनं अर्ज करणं म्हणजे स्पॉन्सरशिप) लागणार, हे कंपनीला सांगायचं कधी? सोबत आलेल्या बाबांचं उत्तरही बहुधा ठरलेलं असतं : "आधी ऑफर हातात येऊ दे, मग बघू." आमचं मत नेमकं उलट आहे, म्हणून हे पत्रक.

थोडक्यात सांगायचं तर असं. रेझ्युमेवर व्हिसाचा उल्लेख करू नका, तिथे तो कुणी मागत नाही. अर्जात प्रश्न असेल तर खरं उत्तर द्या. अर्जात नसेल, तर रिक्रूटरच्या पहिल्या फोनवर तुम्हीच विषय काढा. टेक्निकल राउंडमध्ये मॅनेजरला सांगण्यात अर्थ नाही, बहुतेकदा त्याच्या हातात ते नसतंच.

अर्जात सहसा दोन प्रश्न शेजारी शेजारी असतात आणि गोंधळ तिथेच होतो. पहिला : तुम्हाला अमेरिकेत काम करण्याची कायदेशीर परवानगी आहे का? ओपीटी (शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच काम करण्याची तात्पुरती परवानगी) मंजूर असेल तर उत्तर 'हो'. दुसरा : तुम्हाला आता किंवा पुढे कधी स्पॉन्सरशिप लागेल का? तिथेच राहून काम करत राहायचं असेल तर याचंही उत्तर 'हो'. 'आत्ता तर लागत नाही ना' म्हणून अनेक जण दुसऱ्याला 'नाही' करतात. पण प्रश्नात 'पुढे कधी' हे शब्द आहेत आणि ते मुद्दाम घातलेले आहेत.

शिवाय लपवून लपत नाही. रुजू झाल्यावर तीन कामकाजी दिवसांत कंपनीला आय-९ या कामाच्या परवानगीच्या पडताळणी फॉर्मसाठी तुमची कागदपत्रं बघावी लागतात आणि ओपीटीच्या कार्डावर मुदतीची तारीख ठळक छापलेली असते. अर्जात 'नाही' लिहिलेलं त्या दिवशी उघडं पडलं तर ऑफर जाऊ शकते, आणि त्या कंपनीचं दारही बंद होतं. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांना 'आम्ही स्पॉन्सर करत नाही' म्हणून नाकारणं तिथल्या कायद्यात बसतं, तेव्हा तक्रार करूनही उपयोग नाही.

आधी सांगण्यात तुमचाही फायदा आहे. ओपीटीच्या पहिल्या वर्षात एकूण ९० दिवसच बेकार राहता येतं. स्पॉन्सर न करणाऱ्या कंपनीच्या पाच राउंडांत तीन आठवडे गेले, तर ते याच ९० मधून जातात.

आता सांगायचं कसं. चाचरत, माफी मागितल्यासारखं नको. समोरच्याला तारखा द्या. समजा तुम्ही मे २०२६ मध्ये स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) विषयात पास झालात आणि ओपीटी जूनमध्ये सुरू झाली. बारा महिने ती आणि चोवीस महिने स्टेम मुदतवाढ, म्हणजे जून २०२९ पर्यंत कंपनीला तुमच्यासाठी एच-१बीचा अर्ज करण्याची सक्ती नाही. दरम्यान मार्च २०२७, २०२८ आणि २०२९ अशा एच-१बीच्या तीन लॉटऱ्या (जागा मर्यादित, म्हणून निवड सोडतीनं होते) मिळतात. 'स्पॉन्सरशिप' ऐकून आवरतं घेणारा रिक्रूटर 'तीन वर्षं' ऐकल्यावर पुन्हा ऐकू लागतो, हे आम्ही सराव करून घेतलेल्या मुलांकडून वारंवार ऐकलंय. ज्यांचा विषय स्टेममध्ये नाही, त्यांना मात्र बारा महिने आणि बहुधा एकच लॉटरी. त्यांनी तर पहिल्या फोनच्या पुढे अजिबात ढकलू नये.

त्याच फोनवर कंपनी ई-व्हेरिफायमध्ये (कामाची परवानगी ऑनलाइन तपासण्याची सरकारी व्यवस्था) आहे का, हेही विचारून घ्या. स्टेम मुदतवाढीसाठी ते लागतंच आणि कंपनीला आय-९८३ या प्रशिक्षण आराखड्यावर सही करावी लागते. छोट्या स्टार्टअपमध्ये हे विचारायचं राहून गेलं, तर हिशोबातली दोन वर्षं जाऊ शकतात.

सप्टेंबर २०२५ पासून आणखी एक अडचण आलीय, नव्या एच-१बी अर्जावरच्या एक लाख डॉलरच्या फीची. रिक्रूटरनं बातमीचा मथळा तेवढा वाचलेला असतो. त्या ऑक्टोबरमध्ये यूएससीआयएसनं, म्हणजे व्हिसा-नागरिकत्वाचे अर्ज बघणाऱ्या अमेरिकी खात्यानं, खुलासा केला की अमेरिकेतच राहून विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीत जाणाऱ्यांना ही फी लागू नाही. हे एका वाक्यात, न भांडता सांगता आलं पाहिजे. अर्थात हे नियम बदलत असतात, म्हणून फोनच्या आधी यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर एकदा बघून घ्या.

पगाराच्या बोलणीआधी विषय निघालेला बरा, याचंही कारण आहे. २०२६ च्या नोंदणीपासून लॉटरीत वेतनपातळीचं (त्या कामाच्या पगाराच्या चार सरकारी पायऱ्यांचं) वजन धरलं जातं : पहिल्या पातळीला एक संधी, चौथीला चार. पगार आधी ठरून गेला आणि व्हिसाचं नंतर निघालं, तर बोलायला जागा उरत नाही.

घाबरून "सगळा खर्च मी देतो" असं मात्र म्हणू नका. अर्जातली प्रशिक्षण फी (कंपनीच्या आकारानुसार ७५० किंवा १५०० डॉलर) कर्मचाऱ्याकडून घेणं बेकायदा आहे. पैसे भरा, एच-१बी लावून देतो म्हणणाऱ्या कन्सल्टन्सींपासून तर चार हात लांबच राहा.

कोणती कंपनी स्पॉन्सर करते, हे विचारायच्या आधी शोधताही येतं. यूएससीआयएस आणि अमेरिकी श्रम खातं, दोघंही कंपनीनिहाय आकडे प्रसिद्ध करतात. विद्यापीठं आणि त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्थांना लॉटरीची अटच नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आधीच एच-१बीवर असलेल्यांनी 'हो' लिहून लगेच 'फक्त ट्रान्स्फर, लॉटरी नाही' असं सांगावं.

आम्ही वकील नाही. तुमच्या कागदपत्रांबद्दलचा प्रश्न विद्यापीठातल्या डीएसओला (परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला) किंवा इमिग्रेशन वकिलाला विचारा. आमच्याकडे सरावाला येताना आय-२० (विद्यापीठानं विद्यार्थी व्हिसासाठी दिलेला फॉर्म), ओपीटी कार्डाची प्रत आणि ज्या तीन-चार कंपन्यांना अर्ज करताय त्यांच्या जाहिराती घेऊन या. पहिल्या फोनचा सराव तिथूनच सुरू करू.