शोलाकिळी : बदलत्या नावांची पार्श्वभूमी

उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपूरहून कोडाईकनालला जाणाऱ्या पक्षीनिरीक्षकाने पांढऱ्या पोटाची शोलाकिळी पुस्तकांत शोधली, तर जुन्या पुस्तकात ती ‘शॉर्टविंग’, नंतरच्यात ‘ब्ल्यू रॉबिन’ आणि अलीकडच्या याद्यांत ‘शोलाकिळी’ म्हणून आढळते. पक्षी एकच आहे. बदलत गेली ती त्याच्या गोतावळ्याविषयीची समजूत.

या पक्ष्याला शास्त्रीय ओळख मिळाली ती 1868 मध्ये, विल्यम ब्लॅनफर्ड यांच्या लेखणीतून. त्यांच्यापुढचा नमुना कोडाईकनाल ज्यांत वसले आहे त्या पळणीच्या डोंगरांतून मिळवला होता सॅम्युएल फेअरबँक यांनी, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या वडाळ्यात राहून काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनच्या पाद्र्यांनी. ब्लॅनफर्ड मूळचे भूगर्भशास्त्रज्ञ. नागपूर व परिसराच्या भूरचनेवरचा त्यांचा निबंध 1872 चा आहे. सीताबर्डीच्या टेकडीचा काळा खडक वाचणाऱ्या माणसानेच या पक्ष्याचे बारसे केले, याचे नागपूरकर म्हणून मला फार अप्रूप वाटते.

निलगिरी डोंगरांतल्या भावंडाचे वर्णन पक्षीशास्त्रज्ञ जर्डन यांनी त्याआधीच, 1840 च्या दशकात केले होते. पुढे दीर्घकाळ दोघांना एकाच जातीच्या उपजाती मानले गेले. दोघांमध्ये सुमारे 30 किलोमीटर रुंदीची पालघाट खिंड आहे. नकाशावर हे अंतर किरकोळ दिसते. पण डोंगरमाथ्यावरच्या घळींत, शोला नावाच्या थंड, दमट, बुटक्या रानाच्या सावलीत, पालापाचोळ्यातले किडे वेचत जमिनीलगत जगणाऱ्या वीतभर पक्ष्याला खालचा उष्ण सखल प्रदेश ओलांडता येत नाही. गडद निळसर अंग, कपाळावर फिकट पट्टी आणि लांब पाय असलेला हा पक्षी काळोख्या झुडपात बहुधा आधी ऐकू येतो आणि नंतर दिसतो.

जनुकीय अभ्यासातून या दोन गटांची फारकत फार जुनी असल्याचे दिसले. ते हिमालयातल्या शॉर्टविंगचे सख्खे नातेवाईक नसून माशीमार कुळातली एक स्वतंत्र शाखा आहेत, हेही कळले, आणि 2017 मध्ये त्यांच्यासाठी ‘शोलिकोला’ ही नवी प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) स्थापन झाली. ‘किळी’ म्हणजे मल्याळममध्ये पक्षी. साहेबांच्या दीडशे वर्षांच्या नामावळीनंतर पक्ष्याला त्याच्या रानाचे नाव मिळाले, आणि तेही त्या रानाची जागा चहा, निलगिरीची झाडे (युकॅलिप्टस) व वॅटल या परदेशी बाभळीच्या लागवडीने बरीच व्यापल्यानंतर.