ट्रेमोलो यंत्रणा, गिटारची : गंज व दुरुस्ती

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांचा ताण दांड्याने क्षणभर कमी-जास्त करून स्वराची तारता (उंच-खालीपणा) हलविणाऱ्या यंत्रणेस ट्रेमोलो म्हणतात. पाश्चात्त्य संगीताच्या परिभाषेत ट्रेमोलो म्हणजे नादाच्या तीव्रतेतील कंप व व्हायब्रेटो म्हणजे तारतेतील कंप. त्यामुळे हे नाव काटेकोरपणे पाहता चुकीचे ठरते. अमेरिकी गिटार-निर्माते लिओ फेंडर यांनी १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर गिटारवर आणलेल्या यंत्रणेच्या पेटंटात ट्रेमोलो हाच शब्द आहे, आणि त्यांच्या कंपनीच्या काही ॲम्प्लिफायरांवर तीव्रतेच्या कंपास उलट व्हायब्रेटो म्हटलेले आढळते. यावरून या गोंधळाचे मूळ अनेकदा फेंडर यांच्याकडे लावले जाते. तथापि अमेरिकी वाद्यसंशोधक डॉक कॉफमन यांच्या १९३० च्या सुमाराच्या यंत्रणेच्या पेटंटातही ट्रेमोलो हीच संज्ञा असून, हेच कॉफमन १९४५ च्या सुमारास फेंडर यांचे भागीदार होते. तेव्हा शब्दाचा हा वापर फेंडर यांच्याआधीचा मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

स्ट्रॅटोकास्टरच्या मूळ रचनेत ब्रिजची (तारांना गिटारच्या अंगावर आधार देणाऱ्या भागाची) पट्टी सहा स्क्रूंवर झुलते. तिच्याखाली पोलादी ठोकळा असतो व मागील पोकळीतील स्प्रिंगा तारांच्या ताणाला तोलून धरतात. गंज लागतो तो प्रामुख्याने घामातील क्षार व दमट हवा यांमुळे. मुंबई, कोकण किंवा गोव्याच्या खाऱ्या हवेत तो लवकर धरतो. निकेलचा मुलामा सूक्ष्म छिद्रांपाशी तुटला की आतील पोलाद त्या जागी अधिकच वेगाने गंजते, कारण विद्युत्‌-रासायनिक दृष्ट्या निकेल हा पोलादाहून कमी क्रियाशील धातू आहे. जस्ताच्या ओतीव भागांवर तांबडा गंज न येता पांढरी भुकटी येते व मुलामा फुगतो. असे भाग सहसा वाचत नाहीत.

सर्वांत घातक गंज पट्टी ज्या कडेवर स्क्रूंना टेकून झुलते त्या कडेवरचा होय. तेथे खळगे पडले की दांडा सोडल्यावर पट्टी मूळ जागी परतत नाही आणि गिटार बेसूर होते. सॅडलच्या (ब्रिजवरील प्रत्येक तारेखालच्या आधाराच्या) उंचीचे बारीक स्क्रू जाम झाल्यास अ‍ॅलन कीने जोर लावू नये, कारण षट्‌कोनी खाच झिजल्यावर स्क्रू काढणे फार अवघड होते. गंज सैल करणारे तेल थेंबभर सोडून रात्रभर ठेवावे आणि मग डाख देण्याच्या इस्त्रीने स्क्रूला ऊब द्यावी. तेल लाकडात मुरू नये व नायट्रोसेल्युलोज लॅकर (गिटारवरील चकचकीत लेप) बिघडू नये म्हणून सर्व भाग आधी गिटारवरून उतरवणे श्रेयस्कर. स्प्रिंगा ज्यात अडकवतात त्या धातूच्या पंजाला अर्थिंगची तार डाख लावून जोडलेली असते, ती तुटल्यास गुणगुण वाढते. नुसते पोलादी स्क्रू व्हिनेगारमध्ये भिजवून नंतर धुऊन, कोरडे करून तेल लावता येते, मात्र जस्ताचे भाग आम्लात टाकू नयेत.

बदली भाग घेताना दिसण्यापेक्षा मापे महत्त्वाची. जुन्या अमेरिकी रचनेत बाहेरील दोन स्क्रूंमधील अंतर सुमारे ५६ मिमी. असते, अन्य अनेक गिटारांवर सुमारे ५२.५ मिमी. दांड्याच्या आट्यांबाबत फसगत अधिक होते. अमेरिकी १०-३२ आट्यांचा व्यास ४.८३ मिमी. व मेट्रिक एम५ चा ५ मिमी. असून दोहोंची आट्यांतील अंतरेही जवळपास सारखी असल्याने चुकीचा दांडा काही फेरे बसतो आणि ठोकळ्याचे आटे खराब करतो. आत मोडलेला दांडा काढण्यासाठी डाव्या फेऱ्याचे गिरमिट वापरतात.

जुन्या गिटारची पट्टी व ठोकळा शाबूत असल्यास ते राखून केवळ सॅडल, स्क्रू व स्प्रिंगा बदलणे हाच मार्ग अधिक योग्य वाटतो. उतरवलेले मूळ भाग टाकून न देता गिटारसोबत जपून ठेवावेत.