एंग्लुंड गॅम्बिट

पांढऱ्याने वजिरापुढील प्यादे दोन घरे सरकवताच (१. डी४, म्हणजे पहिल्या खेळीत डी या उभ्या रांगेतील चौथ्या घरावर) काळ्याने आपल्या राजापुढील प्यादे ई५ वर नेऊन मारावयास देण्याची बुद्धिबळातील एक प्रारंभपद्धती. विश्लेषणाच्या दृष्टीने ती सदोष मानली जाते. तरीही तीन ते पाच मिनिटांच्या ऑनलाइन डावांत तिचा प्रयोग आवर्जून होतो. नावाचा इंग्लंड देशाशी संबंध नाही.

‘गॅम्बिट’ हा शब्द ‘पाय अडकवून पाडणे’ या अर्थाच्या इटालियन शब्दावरून आला, असे सामान्यतः मानतात. आपल्या आखाड्यातील टांग मारणे त्याच्या जवळचे आहे. रुय लोपेझ या स्पॅनिश धर्मगुरूने १५६१ मधील आपल्या ग्रंथात तो बुद्धिबळासाठी वापरला. मराठीत त्याला रूढ प्रतिशब्द नाही.

नामकरणाविषयी एकवाक्यता नाही. ऑस्ट्रेलियाचा हेन्री चार्लिक याने १८९० च्या दशकाच्या सुमारास दुसऱ्या खेळीला वजिरापुढील प्यादे डी६ वर नेऊन ई५ वरचे प्यादे सोडण्याची कल्पना पुढे आणली, आणि त्या शाखेला जर्मन खेळाडू हार्टलाउब याच्या नावासह ‘हार्टलाउब-चार्लिक’ म्हणतात. स्वीडनच्या फ्रिट्झ एंग्लुंड याने १९३२ मध्ये केवळ याच प्रारंभाची स्पर्धा पुरस्कृत केली. तिच्यातील डाव पांढऱ्याचा वजीर डी५ वर आलेल्या स्थितीपासून सुरू होत. म्हणजे एंग्लुंड हा पद्धतीचा जनक नसून प्रसारक ठरतो. अग्रक्रमाचा मान चार्लिकला देणे अधिक सयुक्तिक वाटते. परंतु रूढ नाव बदलण्याइतका हा मुद्दा कोणी लावून धरलेला नाही.

आजचे आकर्षण मुख्यतः एका सापळ्यात आहे. पांढऱ्याने ई५ वरचे प्यादे मारले की काळा घोडा सी६ वर आणि, पांढरा घोडा एफ३ वर आल्यानंतर, वजीर ई७ वर आणतो. पांढऱ्याने उंट एफ४ वर ठेवून प्यादे राखले, तर वजीर बी४ वरून शह देतो आणि उंट डी२ वर मागे आला की बी२ वरचे प्यादे खातो. हत्ती वाचवण्यासाठी तोच उंट सी३ वर आणणे हीच घातक चूक होय: काळा उंट बी४ वर, पांढरा वजीर डी२ वर, उंटांची मारामारी, आणि पांढऱ्याच्या वजिराने सी३ वर मारताच काळ्याचा वजीर सी१ वर जाऊन आठव्या खेळीला मात करतो. सहाव्या खेळीला उंटाऐवजी घोडा सी३ वर आणला की काळ्याचा बेत फसतो. मात्र ही खेळी घड्याळाच्या दडपणाखाली सुचावी लागते, आणि या गॅम्बिटची सगळी भिस्त त्याच सेकंदांवर असते.

कोकणात, अन्यत्र मराठी मुलखात खेळल्या जाणाऱ्या देशी पद्धतीप्रमाणेच, प्यादे बहुधा एकेक घर चालत असल्याने अशा प्रारंभांना जुनी परंपरा नाही. ते मोबाइलबरोबर आले. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत होड्या वर ओढलेल्या असताना असे डाव सवडीने होतात. प्रवासात खेळणाऱ्याने मार्ग ध्यानात ठेवावा. कोकण रेल्वेच्या उक्षी-भोके टप्प्यातील करबुडे बोगदा सुमारे ६.५ किलोमीटर लांब आहे. रेंज गेली तरी सर्व्हरवरचे घड्याळ थांबत नाही, आणि ताशी साठ-सत्तर किलोमीटर वेगाने तो ओलांडावयास पाच-सहा मिनिटे लागतात. तेवढ्यात तीन मिनिटांचा डाव, सापळा लागलेला असला तरी, वेळ संपून हरलेला असतो.