दोतोर्न, सरस्वतीपूजन आणि अनुदान

धर्मसंस्थांच्या शाळा मिश्र समाजाला सांधतात की चिरतात, हा प्रश्न गोव्यात या शब्दांत कुणी विचारत नाही. इथे विचारतात, 'इंग्रजी प्राथमिकला अनुदान कशाला?' वाद माध्यमाचा म्हणून सुरू होतो आणि तिसऱ्या वाक्याला चर्चवर जातो. असे का होते हे समजून घ्यायचे तर बरेच मागे जावे लागते.

१५४१पर्यंत पोर्तुगिजांनी तिसवाडी तालुक्यातली देवळे पाडली होती. त्यांच्या जमिनींच्या उत्पन्नाचे काय करायचे हा प्रश्न उरला. त्यातला मोठा वाटा जुन्या गोव्यात नव्याने उभ्या राहणाऱ्या सांत फे विद्यालयाकडे वळवण्यात आला. हेच पुढे जेझुइट पाद्र्यांचे सेंट पॉल कॉलेज झाले. १५५६मध्ये भारतातला पहिला छापखाना इथेच लागला, तेव्हा ज्ञानाचे ठाणे म्हणून त्याचे नाव घेतले जाते ते खोटे नाही. पण १५५९चा राजाचा हुकूमही याच कॉलेजशी जोडलेला आहे. आईबाप आणि आजे नसलेली हिंदू मुले कॉलेजच्या ताब्यात द्यावीत, तिथे त्यांचा बाप्तिस्मा व्हावा आणि त्यांना शिकवावे, असा तो हुकूम. गोव्याच्या हिंदू घरांत पाद्रीच्या शाळेबद्दलचा जो जुना धसका आहे, त्याचे मूळ इथे सापडते. बाकी कारणे नंतर चिकटली.

गावोगाव इगर्जीला, म्हणजे चर्चला, जोडून परिश शाळा निघाल्या. तिथे दोतोर्न, म्हणजे धर्मशिक्षण, थोडे लिहिणे-वाचणे आणि पुष्कळसे संगीत. मुंबईच्या सिनेमांच्या वाद्यवृंदांत व्हायोलिन आणि ट्रम्पेट वाजवणारे गोवेकर एवढे कसे, याचे उत्तर या शाळांत आहे. स्वरलिपी वाचायला शिकले ते इगर्जीत, पोट भरले धोबीतलावला. नफा-तोट्याच्या हिशेबात ही जमेची बाजूही धरायला हवी.

भाषेच्या बाबतीत चर्चचे धोरण एकसारखे कधीच नव्हते. १५७९ साली गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स याने नव्या ख्रिस्ती लोकांसाठी मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६मध्ये रायतूरला छापले गेले. पुराणे सोडून आलेल्यांना पुराणच हवे होते, हे त्याने ओळखले. पुढे १६८४ साली व्हाइसरॉयने फर्मान काढले की, तीन वर्षांत देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोला. फर्मान तडीला गेले नाही, पण भाषा आणि धर्म एकाच दाव्याला बांधायची सवय राज्यकर्त्यांना लागली ती लागलीच.

दरम्यान नदीपलीकडे अंत्रुजेत, म्हणजे फोंड्याकडे, जिथे पाडलेल्या देवळांतल्या मूर्ती नेऊन ठेवल्या गेल्या, तिथे वेगळेच शिक्षण चालू होते. देवळाच्या अग्रशाळेत किंवा एखाद्या भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, सोप्यावर पंतोजी मराठी अक्षरे, मोडी आणि हिशेब शिकवत. फोंडा १७६३मध्ये आणि पेडणे १७८८मध्ये पोर्तुगिजांकडे आले, तोवर बाटवाबाटवीचा जोर ओसरला होता. नव्या काबिजादी, म्हणजे असे उशिरा जिंकलेले तालुके, मराठीच्याच राहिल्या. घरात कोकणी, पोथीत आणि पाटीवर मराठी. जुन्या काबिजादीतल्या बार्देश-सासष्टीच्या ख्रिस्ती मुलाला हा अनुभव नव्हता. आजच्या वादाचा नकाशा काढला तर तो जुन्या आणि नव्या काबिजादींच्या सीमेवर जवळजवळ चपखल बसतो.

एकोणिसाव्या शतकात बार्देशचा माणूस नोकरीसाठी मुंबईकडे निघाला आणि त्याला इंग्रजी हवी झाली. १८८७मध्ये हडफड्याला सेंट जोसेफ हायस्कूल निघाले ते या गरजेतून. म्हणजे गोव्यात चर्चच्या परिसरात इंग्रजी आली ती बोटीवरच्या आणि बंगल्यातल्या पगारासाठी. लिस्बनला तिचे फारसे प्रेम नव्हते.

५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले आणि पुढच्या वर्षी राज्य आणि चर्च कायद्याने वेगळे झाले. गोव्यातल्या हिंदूंना मोकळा श्वास मिळाला. नोकऱ्या खुल्या झाल्या, वाचनालये आणि शाळा निघाल्या. पणजीच्या मुष्टिफंड संस्थेचे नावच सांगते की घरोघरची मूठमूठ तांदूळ साठवून शिक्षणाचा पैसा उभा राहिला. फोंड्याच्या शाळेला तर आंतोनियो जुझे द आल्मेदा या पोर्तुगीज प्रजासत्ताकाच्या पुढाऱ्याचे नाव आहे. चर्चच्या सत्तेला आवर घालणाऱ्या राजवटीतल्या माणसाचे नाव हिंदू मंडळींनी अभिमानाने पाटीवर लावले. या संस्था धर्म शिकवत नव्हत्या, तरी त्या हिंदूंच्या होत्या याबद्दल कुणाला शंका नव्हती. सालाझारच्या काळात, १९४०च्या करारानंतर, चर्चला पुन्हा शिक्षणात मानाचे पान मिळाले.

१९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला आणि चित्र पालटले. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी वाड्यावाड्यावर मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. कुळांची, गावड्यांची, बहुजनांची पहिली पिढी पाटी घेऊन बसली ती या शाळांत, आणि मीही त्यातलाच. पण याच मराठीवर महाराष्ट्रात विलीन होण्याचे स्वप्नही बांधलेले होते. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. ख्रिस्ती मतदार जवळपास एकमुखाने विलीनीकरणाविरुद्ध होता. ज्या भाषेने त्याचा प्रदेश गिळला असता असे त्याला वाटत होते, त्या भाषेच्या शाळेत तो पोर घालणार कसा?

आमच्या शाळेपासून इगर्जीची घंटा ऐकू यायची, इतकी ती जवळ. तरी माझ्या चार वर्षांत हजेरीपटावर एकही फर्नांडिस किंवा डिसोझा नव्हता. नवरात्रात सरस्वतीपूजन व्हायचे. पाटावर रांगोळीने सरस्वती काढायची, तिच्यापुढे पाट्या मांडायच्या, मुली फुगड्या घालायच्या, गाव नाटक बघायला जमायचा. खर्च गावाचा, जागा सरकारची. आपण धर्माच्या शाळेत आहोत असे कुणाला वाटले नाही, कारण दुसऱ्या धर्माचे कुणी तिथे नव्हतेच. पाचवीला पाद्रीच्या हायस्कुलात गेलो तेव्हा आठवड्यातून एकदा घंटेनंतर वर्ग दुभंगायचा. ख्रिस्ती मुले दोतोर्नीला, आम्ही मॉरल सायन्सला. तासाभराने पुन्हा एका बाकावर. वर क्रूस होता, आणि त्याच वर्गात आयुष्यात पहिल्यांदा ख्रिस्ती मित्र मिळाला. माझ्यापुरते सांगायचे तर, नावाने धर्मनिरपेक्ष शाळेने मला एका धर्मात ठेवले आणि धर्माच्या शाळेने दुसरा दाखवला. यावरून सिद्धांत काढू नये हे मान्य, पण माझ्या पिढीतल्या पुष्कळांची गोष्ट अशीच आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात. संविधानाचे कलम ३० धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या शाळा चालवण्याचा हक्क देते आणि अनुदान देताना भेदभाव करू नये असे म्हणते. कलम २८ सांगते की, मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कुणालाही, लहान मुलाच्या बाबतीत पालकाच्या, संमतीशिवाय धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. आमचा तो दुभंगणारा तास या कलमात बसत होता.

खरा भडका उडाला तो अनुदानावरून. १९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी व्यवहारात स्थान मिळाले. १९९०मध्ये भाऊसाहेबांची कन्या शशिकलाताई काकोडकर शिक्षणमंत्री असताना ठरले की, प्राथमिक शाळेला अनुदान हवे तर माध्यम देशी भाषा हवे. चर्चच्या शिक्षण संस्थेने आपल्या प्राथमिक शाळा कोकणीत वळवल्या. गंमत अशी की, इगर्जीत मिस, म्हणजे प्रार्थनाविधी, होते रोमी (रोमन) लिपीतल्या कोकणीत आणि शेजारच्या शाळेत तेच मूल देवनागरी गिरवू लागले. कोकणीचा कैवार घेणाऱ्यांना आयता आधार मिळाला. ख्रिस्ती पालक मात्र धुसफुसत राहिले, कारण त्यांना इंग्रजी हवी होती. हिंदू पालकांनाही हवी होती, त्यांनी विनाअनुदानित शाळा गाठल्या.

२०११मध्ये दिगंबर कामत सरकारने इंग्रजी प्राथमिकलाही अनुदान जाहीर केले आणि त्याविरुद्ध भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला, पुन्हा शशिकलाताईंसह. त्या वर्षीच्या जनगणनेत हिंदू ६६ टक्के, ख्रिस्ती २५, मुसलमान ८. २०१२मध्ये मनोहर पर्रीकर सत्तेवर आले आणि त्यांनी अल्पसंख्याक संस्थांच्या चालू इंग्रजी शाळांचे अनुदान कायम ठेवले. इथे भाषेचा प्रश्न उघडउघड धर्माचा झाला, कारण सवलत कुणाला हे आता संस्थेच्या धर्मावरून ठरत होते. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सगळ्यात महाग पडलेली तडजोड तीच. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकच्या खटल्यात सांगितले की, सरकार मातृभाषेचे माध्यम लादू शकत नाही; अनुदानाचे भांडण त्याने मिटले नाही. २०१६मध्ये या आंदोलनाचे पुढारी सुभाष वेलिंगकर यांना राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या गोवा प्रमुखपदावरून दूर केले गेले, गोवा सुरक्षा मंच हा पक्ष निघाला आणि २०१७च्या निवडणुकीत त्याला एकही जागा मिळाली नाही. मोर्चाला आलेल्या कितीजणांची मुले कॉन्व्हेंटमध्ये होती, हे गावात सगळ्यांना ठाऊक होते.

२०२३च्या सप्टेंबरात दाबोळीच्या एका उच्च माध्यमिक शाळेतली मुले मशीद बघायला गेली म्हणून प्राचार्यांना निलंबित केले गेले. ती शाळा चर्चची नव्हती आणि माध्यमाचा प्रश्न तर नव्हताच.

माझ्या गावची मराठी शाळा अजून आहे, पट हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. समोरच्या पिंपळाखाली सकाळी सातला पिवळा बालरथ थांबतो. अनुदानित शाळांना ही बस सरकार देते. कपाळाला गंध लावलेली, गळ्यात क्रूस घातलेली आणि एखादी डोक्याला स्कार्फ बांधलेली पोरे त्यात चढतात आणि खिडकीच्या जागेवरून भांडतात. बस पाद्रीच्या शाळेकडे वळते. सरस्वतीपूजनाला मात्र सगळा गाव अजून त्याच रिकाम्या वर्गात जमतो.