एलिमेंटरी झाली, आता इंटरमिजिएटला बसवायचं का?

चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचा निकाल लागला की कोणी ना कोणी आई प्रमाणपत्र फोल्डरमध्ये घालून माझ्याकडे येते. "बाई, एलिमेंटरीला ए आला हिला. आता इंटरमिजिएट तर होऊनच जाईल, नाही का?"

मी म्हणते, "तिला बसायचंय का?" आई मुलीकडे बघते, मुलगी पंख्याकडे.

यात आईची चूक नाही. कला संचालनालयाच्या या दोन्ही शासकीय रेखाकला परीक्षा कागदावर जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. दोन दिवस, रोज दोन पेपर. स्मरणचित्र दोन्हींना, संकल्पचित्र आणि नक्षीकाम दोन्हींना, भूमिती आणि अक्षरलेखनही दोन्हींना. वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवलं तर फरक एवढाच दिसतो की एलिमेंटरीला 'वस्तुचित्र' आहे तिथे इंटरमिजिएटला 'स्थिरचित्र' आहे, आणि भूमितीच्या पेपरात 'घनभूमिती' हा शब्द वाढलाय. मग वाटतं, तेच सगळं, जरा अवघड करून. पाचवीनंतर सहावी.

प्रत्यक्षात त्या दोन नावांतच सगळं आहे.

पितळी तांब्या घ्या. एलिमेंटरीच्या तयारीत मी तो स्टुलावर ठेवते, शेजारी एखादं वांगं किंवा टोमॅटो. मुलाने मधोमध उभी रेघ मारावी, डावी-उजवी बाजू सारखी आणावी, तोंडाशी लंबगोल काढावा, एका बाजूने पेन्सिलीच्या छटा द्याव्यात. रेघ स्वच्छ, खोडरबराचे डाग नाहीत, चित्र कागदाच्या मध्यावर, ना फार मोठं ना चिमुकलं. हे नीट जमलं की ग्रेड चांगली येते. चांगला हात असलेलं, नीटनेटकं मूल सरावाने इथवर सहज पोचतं. खरं सांगायचं तर यातला बराच भाग तांब्याकडे न बघताही काढता येतो. पन्नास तांबे काढले की एक्कावन्नावा हात आपोआप काढतो.

इंटरमिजिएटला तोच तांब्या येतो, पण मागे कापड सोडलेलं असतं, त्याच्या चुण्या पडलेल्या असतात, आणि सगळं रंगात करायचं असतं. आता पाठ केलेला तांब्या कामाचा नाही. रचनेभोवती मुलं अर्धगोलात बसतात, त्यामुळे प्रत्येकाच्या जागेवरून चित्र वेगळं. तांब्याचं तोंड डोळ्यांच्या पातळीच्या थोडंच खाली असेल तर त्याचा लंबगोल चपटा दिसतो. बूड त्याहून खाली, म्हणून त्याचा बाक जास्त. निम्म्याहून अधिक मुलं तोंड गोल काढतात आणि बूड पट्टीने मारल्यासारखं सपाट, कारण डोकं सांगतं की तांब्या सपाट जागेवर ठेवलाय. डोळ्यांना काय दिसतंय ते विचारायचं राहून जातं.

आणि सावली. सावली म्हटलं की हात काळ्या ट्यूबकडे जातो. पिवळ्या कापडावर पडलेली वांग्याची सावली काळी नसते हो. खिडकीच्या उजेडात ती मळकट हिरवट दिसेल, कधी तपकिरी. पितळेच्या पोटावर वांग्याचा जांभळा डागासारखा उतरलेला असतो. तो दिसला की मूल इंटरमिजिएटला तयार झालं असं मी समजते, मग त्याच्या एलिमेंटरीच्या प्रमाणपत्रावर बी असो की सी. उलट एलिमेंटरीला ए घेतलेली, सुबक, शहाणी मुलं इथे येऊन पार गांगरतात. त्यांना नीटपणाची शाबासकी मिळायची सवय झालेली असते आणि आता बाई म्हणतात, "नीट नको, बघ."

स्मरणचित्राचंही असंच. नाव तेच. विषय रोजच्या बघण्यातले: भाजीबाजार, बसस्टॉप, पावसातली शाळा. क्लासमध्ये एक ठरलेली रचना मुलांना पाठ करून देतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे: डावीकडे झाड, मागे घर, पुढे डोक्यावर घागर घेतलेली बाई. विषय काहीही येवो, बाई घागर घेऊन हजर. बाजारात घागर, बसस्टॉपवर घागर. एलिमेंटरीला हे कदाचित खपून जातं. इंटरमिजिएटला माणसांचा एकमेकांशी काहीतरी संबंध दिसावा लागतो. भाजीवाली तराजू उचलतेय तर गिऱ्हाईक वाकून पिशवी उघडतंय, मागची माणसं लहान, पुढची मोठी. यासाठी आठवडाभर बाजारात उभं राहून वहीत रेघोट्या मारणं एवढाच उपाय मला माहीत आहे.

नक्षीकामावर फार बोलत नाही. पोस्टर कलर सपाट भरता येणं दोन्हीकडे लागतं. पुढच्या परीक्षेत रंगसंगतीची समज जास्त बघितली जाते, एवढंच. कडेला रंग ओघळवणाऱ्यांनी आधी ब्रश बदलावा.

भूमितीबद्दल मात्र पालक हमखास गाफील असतात. एलिमेंटरीत समतल भूमिती असते: बहुकोन, स्पर्शिका, लंबवर्तुळ. कंपास आणि टोकदार पेन्सिल असली की निभतं. घनभूमितीत शंकू किंवा पंचकोनी लोलक (प्रिझम) जमिनीवर कसा ठेवलाय ते वाचून त्याचा प्लॅन आणि एलिव्हेशन काढायचं. वरून कसा दिसेल, समोरून कसा दिसेल. वस्तू समोर नसते, ती मनात फिरवायची. चित्रात तरबेज असलेली काही मुलं इथे अडतात, आणि चित्रात बेताचा एखादा मुलगा हा पेपर हसत सोडवतो. पुढे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ड्रॉइंगच्या विषयात हेच प्लॅन-एलिव्हेशन पुन्हा भेटतं, आर्किटेक्चरला तर रोजच. "चित्रकलेचा काय उपयोग" म्हणणाऱ्या वडिलांना मी हा पेपर दाखवते. लगेच मवाळ होतात.

आता गुणांचं. बहुतेक घरांत निर्णय इथेच होतो, म्हणून आकडे मांडते. राज्य मंडळाच्या दहावीला इंटरमिजिएटच्या ए ग्रेडला ७, बी ला ५ आणि सी ला ३ वाढीव गुण मिळतात. एलिमेंटरीचं प्रमाणपत्र त्यासाठी पुरत नाही, आणि दोन परीक्षांच्या गोंधळाचा सगळ्यात महागडा तडाखा तोच. आठवीत एलिमेंटरी देऊन "चित्रकलेचे मार्क झाले" म्हणून निवांत बसलेले पालक दहावीच्या वर्षी धावत येतात. ७ गुण म्हणजे ५०० पैकी १.४ टक्के. कटऑफच्या रांगेत ते कमी नाहीत, मान्य. पण सी ग्रेडचे ३ म्हणजे ०.६ टक्के. त्यासाठी जून ते सप्टेंबरचे सगळे रविवार, रंग, ब्रश, कागद आणि घरातली रोजची कटकट. ज्या मुलाला रंगाचा डबा उघडायचाही कंटाळा आहे, त्याने तेवढ्या वेळात गणिताचे सराव संच सोडवले तर ३ गुण तिथेच भरून निघतील. मी चित्रकलेची शिक्षिका असून हे सांगते म्हणून काही जणांना राग येतो. येऊ दे.

ज्याला पुढे कलेकडेच जायचंय त्याचा हिशोब वेगळा. बारावीनंतर बीएफए, म्हणजे कलेच्या पदवीसाठी जी राज्याची प्रवेश परीक्षा (सीईटी) असते तिच्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि स्मरणचित्र हेच प्रात्यक्षिक पेपर पुन्हा समोर येतात. मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयाची स्वप्नं बघणाऱ्या मुलाने इंटरमिजिएट टाळणं म्हणजे पोहायला शिकायचं पण पाण्यात उतरायचं नाही. त्याने ग्रेडची पर्वा न करता बसावं.

वेळ कोणती? परीक्षा साधारण सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरच्या सुमाराला, सहामाहीच्या आगेमागे येते. म्हणून नववी बरी. दहावीला ढकलली की क्लासचे तास आणि स्थिरचित्राचा सराव एकमेकांच्या उरावर बसतात आणि मार दरवेळी स्थिरचित्र खातं. सातवीत एलिमेंटरी आटोपून लगेच आठवीत इंटरमिजिएट उरकण्याची घाईही मला पटत नाही. मधल्या एका वर्षात मूल काही न शिकताही जास्त बघायला लागतं. हात तोच राहतो, पण उंची वाढते तशी नजरही वाढते.

तर त्या फोल्डरवाल्या आईला मी एक काम सांगितलं. रविवारी सकाळी खिडकीजवळ टेबलावर तांब्या, दोन वांगी आणि मागे पिवळी ओढणी ठेवायची. मुलीला कागद, रंग आणि दोन तास द्यायचे. शेजारी बसायचं नाही, सुचवायचं नाही, मोबाईल दुसऱ्या खोलीत. चित्र कसं झालं ते मला दाखवूच नका, ती दोन तास काय करते तेवढं लांबून बघा. अर्ध्या तासात "झालं" म्हणून उठली तर यंदा राहू द्या.

दुपारी फोन आला. चित्र अर्धंच झालं होतं आणि पोरगी भयंकर चिडली होती, कारण ऊन सरकलं आणि सावली पहिल्या जागी राहिली नाही. दोनदा सावली पुसून झाली, तिसऱ्यांदा कागद ओला होऊन फाटला. जेवायला बोलावलं तर उठेना. "बाई, हिला रडू येतंय," आई म्हणाली, "आता काय करू?"

मी म्हटलं, नवा कागद द्या, आणि शाळेत फॉर्म कधी निघतात ते विचारून ठेवा.